धर्माच्या तासाचा अर्ज

मी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा तिच्या शाळेतल्या एका खोलीत आम्ही चौघं बसलो होतो: मी, बायको, मुलगी आणि तिच्या धर्माच्या तासाच्या बाई. बायकोला तेव्हा दुकानापुरतं जर्मन येत होतं. बाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. दुभाष्या मी. त्या वीस मिनिटांत बायकोचं म्हणणं मी बाईंना खोटं सांगितलं आणि बाईंचं म्हणणं बायकोला खोटं सांगितलं. आवाज न चढवता, न अडखळता. निघताना दोघींनी माझे आभार मानले.

दोन्ही भाषा समजणारं त्या खोलीत माझ्याशिवाय आणखी एक माणूस होतं. ते आठ वर्षांचं होतं.

आम्ही रेगेन्सबर्गला राहतो. मी गाड्यांच्या कारखान्यात आहे, वेल्डिंगच्या लाइनी बसवायचं काम. आधी चाकणला हेच करत होतो. इथे आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. दोन वर्षांत ती किंडरगार्टनमधून अशी जर्मन बोलत घरी येऊ लागली की आमचं मराठी तिला कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं, आईलासुद्धा. आई मराठीत विचारणार, ही जर्मनमध्ये सांगणार, आणि एखादा शब्द अडला की दोघी माझ्याकडे बघणार. मला ते आवडायचं. घरात आपल्यावाचून अडतंय, असं वाटायचं.

इथल्या सरकारी शाळेत धर्म हा विषय असतो. गणित, जर्मन, तसा धर्म. वेळापत्रकात तास आणि प्रगतिपुस्तकात मार्क. पहिलीच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या: कॅथलिक, प्रोटेस्टंट, आणि ज्यांना दोन्ही नको त्यांच्यासाठी एथिक, म्हणजे आपल्याकडचं मूल्यशिक्षण म्हणा. आमच्यासारख्यांच्या मुलांनी एथिकला बसायचं हे ठरलेलंच. कुणी आग्रह करत नाही. उलट बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला कॅथलिक तासाला बसायचं असेल तर त्याच्या आईवडिलांना वेगळा अर्ज द्यावा लागतो, दोघांच्या सह्यांचा, आणि मग शिकवणाऱ्यांनी हो म्हणावं लागतं. म्हणजे सक्ती तर सोडाच, आत जायलाच परवानगी लागत होती.

तो अर्ज मी केला.

कारखान्यात माझ्या आधी आठ वर्षं आलेला एक नाशिकचा सीनियर होता. इथलं काहीही अडलं की आम्ही सगळे त्याच्याकडे जायचो. कँटीनमध्ये तो म्हणाला, "एथिकमध्ये टाकू नकोस हां पोरीला."

"का रे?"

"अरे, तिथे उरलेली मुलं. तीन वर्गांतली गोळा करून एकत्र बसवतात, तेही शेवटच्या तासाला. बाकीचा वर्ग घरी गेला आणि तुझी पोरगी बसलीये. कॅथलिकला अर्ध्याहून जास्त वर्ग असतो. मैत्रिणी होतात, वाढदिवसाची बोलावणी येतात. मिसळते पोरगी."

"आणि येशूबिशू?"

"गाणी म्हणतात, चित्रं रंगवतात. तू कॉन्व्हेंटचा ना? तुझं काय बिघडलं?"

मी कॉन्व्हेंटचा नव्हतो. पण तसं म्हणालो नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणालो. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि ट्रे घेऊन उठला.

पण आज लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो, की मैत्रिणी हे निमित्त होतं. एथिक शेवटच्या तासाला म्हणजे गुरुवारी तिची शाळा पाऊण तास उशिरा सुटणार, आणि दुपारी सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताई बाकीच्या मुलांना घेऊन त्याआधीच निघणार. मग तिला आणायला मला गुरुवारी एक वाजता कारखान्यातून बाहेर पडावं लागलं असतं, कारण बायकोने तेव्हा जर्मनचा क्लास धरायचं ठरवलं होतं, तोही गुरुवारीच. गुरुवारी एकला आमची आठवड्याची बैठक असायची. माझ्या शेजारी बसणारा जर्मन सहकारी खुशाल लॅपटॉप मिटून म्हणायचा, मुलाला आणायला चाललो. कुणी भुवईसुद्धा उचलत नसे. मला ते तोंडातून काढणं जमलं नसतं. एका बैठकीतून उठायची लाज वाटत होती म्हणून मी मुलीचा धर्माचा तास ठरवला. याहून मोठं कारण शोधायचा मी बरेचदा प्रयत्न केला आहे. सापडलं नाही.

त्या वेळी बायको पुण्यात होती. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, तिचे सहा आठवडे तिथेच गेले. अर्जाची मुदत संपत आली होती. दोघांच्या सह्या हव्या होत्या, आणि मी तिची सही केली.

आमच्या घरात हे काही आक्रीत नव्हतं. कुरियर आलं, सोसायटीचा कागद आला की, "कर ना माझीपण, मी कुठे आता खाली येऊ," असं तीच म्हणायची. माझ्या वडिलांनी तर आईच्या सह्या आयुष्यभर स्वतःच केल्या, आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. बायकोची सही म्हणजे माझ्या हातचा मळ. खालची रेघ, रेघेखालची दोन टिंबं, सगळं नीट केलं. वर जर्मनमध्ये लिहिलं की आम्हा दोघांच्या खास इच्छेवरून मुलीला कॅथलिक धर्माच्या तासाला बसू द्यावं.

संध्याकाळी फोन झाला. तिने विचारलं, "शाळेचं झालं?"

"झालं. धर्माचा तास असतो इथे. कॅथलिक."

"आपल्याला?"

"सगळ्यांना असतो गं. बायर्न आहे हे, कॅथलिक राज्य."

"पण आपण तर..."

"नियम आहे."

मागून सासूबाई वॉकर मागत होत्या. "बरं, ठेवते," ती म्हणाली.

पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही. कागदी कंदील आले, नोआच्या नावेची चित्रं आली, मेंढ्यांचं एक गाणं आलं. बायको तिला देवासमोर बसवून शुभंकरोती म्हणून घ्यायची आणि मग मेंढ्यांचं गाणंही म्हणायला लावायची, कारण तिला त्याची चाल आवडायची. नाशिककराचं म्हणणं खरं ठरलं, वाढदिवसाची बोलावणी आली. गुरुवारची बैठक माझी एकदाही चुकली नाही.

तिसरीत मात्र वेगळं सुरू झालं. कॅथलिक मुलं त्या वर्षी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेतात. त्याचा मोठा सोहळा असतो, मुलींना पांढरा पोशाख, हातात सजवलेली मेणबत्ती, घरी पाहुणे, जेवणावळ. आपल्याकडच्या मुंजीसारखं घर हलतं. धर्माच्या तासालाही वर्षभर त्याचीच तयारी. त्या तासाला बसणाऱ्या मुलांत पोशाख न शिवणारी मुलगी एकच होती.

एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती गृहपाठ घेऊन बसली होती. येशूचे आभार मानणारी स्वतःची प्रार्थना लिहायची होती. वही कोरी होती.

"बाबा, हे लिहायलाच हवं का?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"गृहपाठ आहे ना तो?"

"पण मी मनात असं म्हणतच नाही. मग लिहिलं तर ते खोटं झालं ना?"

"कवितेत नाही का आपण लिहीत, ढग हसला म्हणून? तसं लिहायचं."

तिने जरा विचार केला. "ढगाच्या शेवटी आमेन नसतं," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. तिने चार ओळी लिहिल्या आणि तिला त्याबद्दल एक मिळाला. इथे एक म्हणजे पैकीच्या पैकी. ती वही तिने घरी कुणाला दाखवली नाही, सही हवी होती म्हणून मला सापडली.

मग तिने विचारलं, वर्गातला एक तुर्की मुलगा एथिकला जातो, तसं मला जाता येईल का? मी म्हणालो, वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही. मला ते माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलं नव्हतं. तिला मात्र ठामपणे सांगितलं.

थोड्या दिवसांनी बायकोला तिच्या दप्तरात एक चिठ्ठी मिळाली. सोहळ्याच्या रविवारी ज्या मुलांना वर्गाबरोबर चर्चमध्ये गाणं म्हणायचं असेल त्यांनी पांढरा शर्ट घालून यावं, एवढंच होतं त्यात. बायकोने फोनच्या भाषांतराच्या ॲपवर ती धरली तर 'पवित्र ब्रेड' असं काहीतरी आलं. मी कारखान्यातून आलो तेव्हा ती चिठ्ठी हातात घेऊन दारातच उभी होती.

"माझ्या मुलीला चर्चमध्ये नेऊन ब्रेड भरवणार, आणि मला हे असं कळणार?"

"भरवणार नाहीत गं. गाणं आहे फक्त."

"तिला विचारलं मी. ती म्हणाली, मला नाही आवडत त्या तासाला. तुला माहीत होतं?"

"थोडं बोलली होती."

"मला त्या बाईंना भेटायचंय."

"मी मेल करतो."

"मेल नको. तोंडाने बोलायचंय मला."

"अगं, तुला जर्मन..."

"तू आहेस ना," ती म्हणाली.

त्याच रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर हे सगळं वडिलांना सांगितलं. सासरे निवृत्त शिक्षक, त्यांना असल्या गोष्टींत फार रस. त्यांनी मला फोनवर बोलावून घेतलं.

"अहो जावईबापू, हे सक्तीचं प्रकरण काय आहे? माझे वडील नगरकडे मिशनच्या शाळेत होते, इंग्रजी अमदानीत. पहिला तास बायबलचा. पण शाळा सरकारची ग्रँट घ्यायची, तेव्हा ज्याच्या घरून चिठ्ठी येईल त्याने त्या तासाला बाहेर ओट्यावर बसायचं, अशी मुभा होती. आमचे आजोबा शिंपी. मोडीत चार ओळी खरडता येत, तेवढंच शिक्षण. त्यांनी लिहून दिलं, माझ्या मुलास या तासास बसवू नये. साहेबाने कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि सोडलं. वडील ओट्यावर बसून पाढे घोकायचे."

"हो का," मी म्हणालो.

"सगळ्यांचे बाप नाही हो लिहायचे. काही घाबरायचे, फी माफी जाईल म्हणून. त्यांची मुलं आत. पण लिहिलं तर सोडायचे. परक्या राज्यात चिठ्ठी चालत होती, आणि तुमच्या जर्मनीत चालत नाही?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"इथे जरा वेगळं आहे," मी म्हणालो.

"वेगळं म्हणजे कसं?"

मी फोन हलवून नेटवर्क गेल्यासारखं केलं.

भेट मंगळवारी दुपारी होती. मुलीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तीही बरोबर आली. बाई साठीच्या आसपासच्या, टेबलावर त्यांचं सायकलचं हेल्मेट, शेजारी मुलीची फाइल. त्यांनी तिला कोरे कागद आणि रंगीत पेन्सिली दिल्या. ती चित्र काढू लागली.

बाईंनीच सुरुवात केली. "तर, तुम्ही आलात ते फार बरं झालं. मुलगी मन लावून ऐकते. पण हल्ली प्रार्थनेला सगळे हात जोडतात तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसते. मी तिला टोकलेलं नाही. तिला नको असेल तर तिने ते करू नये, असं मला वाटतं. तुमच्याशी हेच बोलायचं होतं."

"काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"मुलगी हुशार आहे म्हणतायत."

"त्यांना सांग, आमचं तुमच्या देवाशी काही वाकडं नाही. आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी स्वतः कँपातल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावलीये. पण ती मी माझ्या मनाने लावली. हिच्याकडून वदवून घेऊ नका. तिला त्या दुसऱ्या तासाला बसवा. काय लिहून द्यायचं ते मी आत्ता देते. मराठीत देते, तू खाली भाषांतर कर." तिने पर्समधून पेनही काढलं होतं.

मी बाईंकडे वळलो आणि म्हणालो, माझी बायको म्हणते की आम्ही तासावर समाधानी आहोत, आम्हाला न विचारता मुलीचा बाप्तिस्मा तर होणार नाही ना, एवढीच तिला काळजी आहे.

बाई दचकल्याच. मग हसल्या. "छे छे, देवा! असं कधीच होत नाही."

"हसल्या का?" बायको म्हणाली.

"काळजी करू नका म्हणाल्या."

बाईंनी फाइल उघडली. म्हणाल्या, "आणि तुमचा विचार कधी बदललाच तर दोन ओळींचं पत्र पुरे. वर्षाच्या मध्येसुद्धा. हा सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे, मुख्याध्यापिका अडवणार नाहीत. सोमवारपासून ती एथिकला बसू शकते. तुम्ही दोघांनी तेव्हा इतक्या अगत्याने मागितलं होतं म्हणून मी हो म्हटलं होतं." आणि त्यांनी माझा अर्ज काढून टेबलावर आमच्याकडे फिरवला. बोट बायकोच्या सहीवर.

मी त्यावर हात ठेवला. सहज ठेवल्यासारखा.

"कसला कागद आहे तो?"

"नावनोंदणीचा."

"एवढं काय बोलत होत्या?"

"नियम आहे म्हणाल्या. या वर्षी काही करता येणार नाही. पण चर्चमध्ये गायला नाही पाठवलं तरी चालेल." हे शेवटचं मी मुद्दाम जोडलं. थोडं पदरात पडलं की माणूस फार खोलात जात नाही, हे मला मीटिंगांमधून माहीत होतं.

बायकोने पेन परत पर्समध्ये ठेवलं. तिचे डोळे भरले होते. बाईंना वाटलं, समाधानाने. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

मग त्या मुलीकडे वाकून म्हणाल्या, "आणि तू? तुला स्वतःला काय हवंय?"

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. तिने आईकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"पास्ट शोन," ती म्हणाली. इकडच्या बोलीत, चालेल, ठीक आहे.

"काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणते." त्या भेटीत मी बायकोला खरं सांगितलेलं तेवढं एकच.

बसमध्ये बायको माझ्या शेजारी बसली होती. "बरं झालं तू होतास," ती म्हणाली. "मी एकटी गेले असते तर त्यांनी मला काय वाटेल ते सांगितलं असतं." मुलगी पुढच्या सीटवर खिडकीला कपाळ लावून होती. घरी गेल्यावर ती काहीतरी विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होतो. तिने विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. फक्त आईसाठी जर्मनमधून काही सांगायची वेळ आली की, "बाबांना विचार," म्हणायची. आधी असं म्हणत नसे.

वर्षअखेरच्या प्रगतिपुस्तकात धर्माला एक होता, आणि शेरा होता की आता प्रार्थनेत मनापासून सहभागी होते. मी तो वाचून सुटलो. सवय झाली तिला, असं मनाशी म्हणालो.

चौथी सुरू होताना दोन ओळी लिहून द्यायची मला आणखी एक संधी होती. तेव्हा लिहिलं असतं तर बायकोने विचारलं असतं, इतकंच होतं तर मागच्या वर्षी का नाही? म्हणून लिहिलं नाही. पाचवीत शाळा बदलली, तिथे एथिकच्या चौकटीत खूण केली आणि घरी सांगितलं की या शाळेचा नियम वेगळा आहे.

पुढे बायको जर्मन शिकली, चांगलंच शिकली. आता ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, फोनवर माणसांना झापते ते ऐकण्यासारखं असतं. तिला हा नियम कुठल्याही दिवशी कळू शकला असता. पण जो प्रश्न तिच्या लेखी तेव्हाच मिटला होता, तो ती कशाला उकरणार? तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि राग त्या बाईंवर धरला. बाई निवृत्त झाल्या. कधीमधी शनिवारच्या बाजारात दिसतात, लांबून हात करतात. बायको मान फिरवते आणि मी बटाटे निवडत बसतो.

घरात माझ्याशी कुणी वाईट वागत नाही. तिघं एका टेबलावर जेवतो. मुलगी सभ्यपणे बोलते, गाडीची किल्ली मागते, थँक्यू म्हणते. पण आपण खरे कसे आहोत हे घरात एकाच माणसाला ठाऊक असावं आणि त्याने नऊ-दहा वर्षं आपल्याशी त्याबद्दल चकार शब्द काढू नये, हे फार एकटं करतं. कारखान्यातून आल्यावर मी बरेचदा गाडीतच बसून राहतो. वर आमच्या खिडकीत दिवा दिसत असतो, दोघी हसताना दिसतात. मी गेल्यावर त्या हसायच्या थांबत नाहीत, तसं काही नाही. मीच जरा वेळ काढतो.

या वसंतात कारखान्यात एक नवा मुलगा आला, वोल्फ्सबुर्गहून बदलून. त्याला, त्याच्या बायकोला आणि पाच वर्षांच्या मुलाला आम्ही रविवारी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने शाळेच्या फॉर्मचा विषय काढला. माझ्या बायकोला तर तो विषय मिळायचाच अवकाश.

"काही उपयोग नाही गं," बायको म्हणाली. "इथे सक्ती करतात. आम्ही शाळेत जाऊन भांडून आलो. ढिम्म हलल्या नाहीत त्या बाई. तिसरीत हिच्याकडून प्रार्थना लिहून घेतल्या. तू आधीच मनाची तयारी ठेव."

त्या पोरीचा चेहरा उतरला. "मग आम्ही वोल्फ्सबुर्गलाच बरे होतो," ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हणत होते ना तुला?"

मी वरण वाढून घेत होतो. माझी मुलगी आता अठरा वर्षांची आहे. ती पाहुण्यांसमोर मराठी बोलत नाही, उच्चारांची लाज वाटते तिला. त्या दिवशी बोलली.

"नाही, ताई. तसं नाहीये. तुम्ही काहीच केलं नाही तर तो एथिकलाच जातो. आणि नको असेल तर एक पत्र पुरतं. कधीपण."

"तू लहान होतीस," बायको म्हणाली. "तुला काय आठवतंय? बाबांना विचार."

मुलीने विचारलं नाही. पोळीचा तुकडा तोडला आणि जेवू लागली. नवा मुलगा माझ्याकडे बघत होता, तुम्ही सांगा काय ते, अशा नजरेने. मी म्हणालो, "आता नियम बदलले असतील." म्हणजे त्या टेबलावर, सगळं समोर आलेलं असताना, मी पुन्हा तेच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला स्टेशनवर सोडायला गेलो. ती एर्लांगेनला खोली बघायला चालली होती. ऑक्टोबरपासून तिथे शिकायला जाणार आहे. गाडीला अकरा मिनिटं उशीर होता. मी पहिल्यांदाच विचारलं, "तेव्हा तू काही बोलली का नाहीस?"

केव्हा, असं तिने विचारलं नाही. ती मराठीतच बोलली, शब्द शोधत.

"तो कागद मी वाचला, बाबा. मला वाचता येत होतं. आईची सही होती. आणि मला माहीत होतं, तेव्हा आई पुण्यात होती. आजीच्या पायासाठी."

मी तिची बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"तू हात ठेवून ती सही झाकलीस. मला वाटलं, मी बोलले तर तुला पोलीस नेतील. मी आठ वर्षांची होते. मग मी त्या तासाला खरंच प्रार्थना करायला लागले. तुला नेऊ नका म्हणून. दर वेळी. चौथी संपेपर्यंत."

समोरच्या फलकावर उशीर अकराचा चौदा झाला.

"मी आईला सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुझं काम आहे. पण मी गेल्यावर तू सांगणार नाहीस. मला माहितीये."

"सांगेन."

"यो," ती म्हणाली. इथली मुलं विश्वास नसला की म्हणतात तसं. गाडी आली तेव्हा तिने मला मिठी मारली, कारण ती चांगली मुलगी आहे.

जिला मनात नसताना चार ओळी लिहिणं खोटं वाटत होतं, तिला मी दीड वर्ष माझ्यासाठी देवासमोर बसवलं, आणि पुढची सगळी वर्षं आईसमोर गप्प. तिच्या आजोबांच्या वडिलांना त्यांच्या बापाने एका चिठ्ठीने मोकळं केलं होतं. मला कायदा, शाळा, बाई, सगळं अनुकूल होतं.

हे घडून सात आठवडे झाले. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. तिने हे कुठे वाचावं आणि परस्पर कळून घ्यावं, अशी पळवाट मला नको. सही मी केली, बाई सोमवारपासून मुलीला मोकळं करायला तयार होत्या, तुझं बोलणं मी त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही, आणि आपल्या मुलीला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, एवढं मला बायकोला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ऑक्टोबरच्या आत, मुलगी घरात असताना, तिच्यासमोर. तेवढं माझ्याकडे बाकी आहे.